मोत्याची भाकर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पुण्याहून मुलीचा फोन आला. एरवी ती माझ्या गुडघ्यांची आणि तिच्या अम्मीच्या रक्तदाबाची चौकशी करते. त्या दिवशी तिनं वेगळंच विचारलं, ''अब्बा, कुत्र्याला ज्वारी चालते का?''

दोन महिन्यांपूर्वी तिनं एक पिल्लू घरी आणलं होतं. बाजारातल्या तयार गोळ्यांपेक्षा घरचं अन्न बरं, म्हणून ती त्याला शिजवून घालत होती. चिकन, भात, गाजर, लाल भोपळा. आता कुणीतरी तिला सांगितलं होतं, की त्यात जव, ओट नाहीतर ज्वारी घाला आणि वरून समुद्रातल्या शेवाळाची चिमूटभर पूड टाका. केस चमकतात, अंगात जोर येतो. ''तुमच्या गावाकडं तर कुत्री भाकरीवरच जगायची ना?'' ती म्हणाली.

मी 'हो' म्हणणारच होतो, पण शब्द तोंडातच राहिला. मला मोत्या आठवला.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या बाजूला. काळ्या रानातली मालदांडी ज्वारी हेच आमचं अन्न. १९८१ साली मी अकरा वर्षांचा होतो. शेजारच्या वस्तीवरून मी एक पांढरं पिल्लू उचलून आणलं. आमच्या घरात कुत्र्याला उंबऱ्याच्या आत प्रवेश नव्हता. दादी नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर तो धुतल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. पण शेताची, जनावरांची राखण करणारं कुत्रं पाळायला आमच्यात मुभा आहे, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं अट घातली, ''गोठ्यात राहू दे.'' आणि रोज संध्याकाळी चुलीवरची शेवटची भाकर मोत्याच्या नावानं तिनंच बाजूला काढायला सुरुवात केली.

मोत्या पळून जाऊ नये, गावातल्या उनाड कुत्र्यांत मिसळू नये, म्हणून मी त्याला दावणीला बांधून ठेवलं. मला ते लाड वाटत होते. सकाळी पाण्यात भिजवलेली भाकर, संध्याकाळी ताकात भिजवलेली भाकर. पोट भरलेलं, अंग गुटगुटीत. चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकायला लागले. सांध्यांवर गाठी आल्या. उठताना कण्हायचा. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, पोरानं पाय देऊन मोडला. अब्बांनीही माझ्याकडं तसंच पाहिलं. गावातली एक म्हातारी मात्र त्याच्याकडं पाहून एवढंच बोलली, ''लेकरावानी मुडदूस झालाय ह्याला.'' कुत्र्याला मुडदूस? सगळे हसले.

मोत्या वर्षभर जगला. वाकड्या पायांनी त्याला पळता येत नव्हतं. एका सुगीत बैलगाडी मागं सरकली आणि त्याला वेळेत बाजूला होता आलं नाही. त्याचे पाय माझ्यामुळं मोडले, असं मी पुढं कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. मुलीच्या फोननंतर मी ग्रंथालयात बसून या प्रश्नाचा इतिहास वाचून काढला. आज तुम्हाला तोच सांगायचा आहे.

कुत्रा मुळात लांडग्याचा वंशज. लांडगा शिकारी. मग त्याच्या पोरानं भाकर कधी स्वीकारली? याचं एक उत्तर २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. पिठूळ अन्न पचवायला अमायलेझ नावाचा पाचकरस लागतो. तो तयार करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात सर्वसाधारणपणे २ प्रती असतात. कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. म्हणजे माणसानं धान्य पेरलं, दळलं, शिजवलं आणि त्याच्या उंबऱ्याशी बसलेल्या जनावराचं पोटही पिढ्यान्‌पिढ्या त्या धान्याला सरावत गेलं. २०१६ साली युरोपातल्या जुन्या हाडांच्या अभ्यासातून दिसलं, की हा बदल निदान ७,००० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांत झालेला होता. याउलट ऑस्ट्रेलियातल्या डिंगोमध्ये त्या प्रती लांडग्याइतक्याच, दोनच. शेती न करणाऱ्या माणसांबरोबर तो राहिला. ज्याचा जसा धनी, तसं त्याचं पोट.

लेखी पुरावाही जुना आहे. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास व्हॅरो या रोमन लेखकानं शेतीवर पुस्तक लिहिलं. मेंढपाळाच्या कुत्र्यांना दुधात भिजवलेली जवाची भाकर द्या, असं तो सांगतो. पुढच्या शतकात कोलुमेला हा दुसरा शेतीतज्ज्ञ म्हणतो, की जवाचं पीठ आणि चीज केल्यावर उरणारं दुधाचं पाणी हे कुत्र्याचं अन्न. ताकात भाकर कुस्करणाऱ्या आमच्या दादीला हे वाचून दाखवलं असतं, तर ती म्हणाली असती, त्यात नवं काय सांगितलं?

आणि आपल्याकडं तर याची कथाच आहे. संत नामदेवांची पोळी कुत्र्यानं पळवली. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. कोरडी खाऊ नको बाबा, तूप लावून खा. शाळेत ही गोष्ट आम्हाला भूतदयेचा धडा म्हणून शिकवली. सर्वांभूती ईश्वर पाहणाऱ्या संताची ती गोष्ट आहेच. पण आता मला त्यातलं तूपही दिसतं. नुसती पोळी कोरडी, तिच्या जोडीला काहीतरी हवं, हे शहाणपण त्या गोष्टीत सहज आलं आहे.

तर मग गावोगावची कुत्री शतकानुशतकं भाकरीवर जगली आणि माझा मोत्याच का वाकला?

याचं उत्तर दाव्यात होतं. गावातलं मोकळं कुत्रं नुसत्या भाकरीवर कधीच जगत नसतं. आपण भाकर टाकतो ती आपल्याला दिसते. तेच कुत्रं नंतर उंदीर धरतं, खाटकाच्या दुकानामागं हाड चघळतं, मेलेल्या जनावराचं आतडं ओढतं, हे आपण पाहत नाही. पाहिलं तरी तोंड फिरवतो. भाकर पोट भरते. बाकीचं ते स्वतः मिळवतं. मोत्याला मी बांधलं आणि त्याचा हा दुसरा बाजार बंद केला.

बांधलेल्या कुत्र्याचा प्रश्न शहरांनी वाढवला. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन माणूस १८६० च्या सुमारास लंडनला आला. विजेपासून इमारती वाचवणाऱ्या सळ्या विकणं हा त्याचा धंदा. गोदीत खलाशांची टणक बिस्किटं कुत्री खाताना त्यानं पाहिली आणि गहू, बीट, भाज्या आणि मांस घालून खास कुत्र्यांची बिस्किटं काढली, असं सांगतात. आजच्या अब्जावधींच्या धंद्याचा उगम तिथं आहे. त्याच काळात त्या शहरांतल्या धुरकट गल्ल्यांत माणसांची लेकरंही वाकड्या पायांनी चालत होती. पाव आणि पातळ लापशी हेच त्यांचं जेवण. मुडदूस हा त्या गल्ल्यांचा रोग झाला होता आणि त्याचं कारण कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं.

पहिलं महायुद्ध चालू असताना लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी या शास्त्रज्ञानं कुत्र्यांची पिल्लं घेतली. त्यांना घरात ठेवलं आणि पाव, ओटची लापशी असल्या धान्यावर वाढवलं. पिल्लांचे पाय वाकले, सांधे सुजले. हुबेहूब मुडदूस. त्यातही ओटच्या लापशीवरच्या पिल्लांना तो सर्वांत जास्त. मग काही पिल्लांच्या अन्नात त्यानं कॉड माशाच्या यकृताचं तेल घातलं. त्यांचे पाय सरळ राहिले. १९१९ साली त्यानं हे जाहीर केलं. अमेरिकेत एल्मर मॅकोलम यांनी १९२२ साली त्या तेलातला हा गुण 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळ्या घटकाचा असल्याचं दाखवलं. त्यालाच आपण 'ड' जीवनसत्त्व म्हणतो. पुढं मेलनबी यांनीच धान्याच्या कोंड्यातल्या फायटिक आम्लाकडं बोट दाखवलं. ते अन्नातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही.

हे वाचताना माझ्या हातून पान उलटेना. मोत्याचं सगळं निदान तिथं छापलेलं होतं. ज्वारीत कॅल्शियम थोडं, फायटिक आम्ल भरपूर. तुम्ही म्हणाल, सोलापूरच्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व कमी पडेल कसं? मलाही तोच प्रश्न पडला. माणसाच्या कातडीत उन्हानं ते तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते जेमतेम होतं. त्याला ते अन्नातूनच, मांस, मासे, अंडी, यकृत यांतूनच मिळवावं लागतं. मोत्या दिवसभर उन्हात बसायचा आणि त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणजे दोष माझ्या पायाचा नव्हता. तो माझ्या दाव्याचा होता आणि त्या दाव्यासमोर रोज ठेवलेल्या त्याच त्या भाकरीचा होता. त्या म्हातारीचं निदान खरं होतं. मेलनबींचा शोध लागून तेव्हा बासष्ट वर्षं झाली होती. तो आमच्या गावापर्यंत पोचला नव्हता.

धान्याची आणखी एक कथा आहे आणि ती आपल्या दख्खनपर्यंत येते. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाग्रा नावाचा रोग पसरला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, मानेभोवती डागांची माळ उठते, जुलाब होतात, शेवटी बुद्धी भ्रमते. मरणारे बहुतेक मका खाणारे गरीब. लोक म्हणत, हा संसर्ग आहे. १९१४ साली सरकारनं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तिकडं पाठवलं. त्यांनी ठामपणे सांगितलं, हा जंतूंचा रोग नव्हे, हा ताटाचा रोग आहे. पुढं कुत्र्यांना त्या गरिबांसारखं मक्याचं अन्न दिल्यावर त्यांची जीभ काळी पडते, हे त्यांनी पाहिलं. काळ्या जिभेच्या कुत्र्याला यीस्ट दिलं, की तो बरा होई. त्यातला नेमका घटक त्यांना हयातीत सापडला नाही. १९२९ साली ते वारले. १९३७ साली कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन काळ्या जिभेचा कुत्रा बरा केला. त्याच औषधानं मग पेलाग्राची माणसंही वाचू लागली.

आपल्याकडं मका मुख्य अन्न नव्हता. तरी दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत पेलाग्रा दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात त्याचा शोध घेतला. तिथंही कुत्र्यांना ज्वारीचं अन्न दिलं गेलं आणि तिथंही त्यांच्या जिभा काळ्या पडल्या. ज्वारीतलं ल्युसिन नावाचं द्रव्य याच्या मुळाशी असावं, असं त्यांनी मांडलं. पुढं त्यावर शास्त्रज्ञांत वादही झाले. पण मुख्य गोष्ट वादाची नव्हती. ज्वारी वाईट नव्हती. ज्याच्या ताटात ज्वारीशेजारी डाळ, दूध, भाजी, अंडं होतं, त्याला काही झालं नाही. ज्याच्या ताटात ज्वारीशेजारी मीठ-मिरची आणि पुन्हा ज्वारीच होती, त्याला पेलाग्रा गाठायचा. भुकेला कोंडा म्हणतात ते खरं. पण तो रोजचाच कोंडा झाला, की अंगावर उठतो. मजुराला कुणी दाव्याला बांधलं नव्हतं. त्याला त्याच्या मजुरीनं बांधलं होतं.

आता राहिलं ते समुद्रातलं शेवाळ. मुलीनं विचारलं तेव्हा मला हसू आलं होतं. ज्यानं समुद्र पाहिला नाही अशा कुत्र्याला समुद्राची भाजी कशाला? पण आमच्याच घरी रमजानच्या महिन्यात इफ्तारला दुधातली थंडगार 'चायना ग्रास' होते. ते गवत नव्हे, ते समुद्रशैवालातूनच काढतात. दादी पन्नास वर्षं ते खात आली आणि आपण समुद्राचं काही खातो याचा तिला पत्ता नव्हता.

शेवाळाची मोठी देणगी म्हणजे आयोडीन. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याच्या कामात होता. शेवाळाच्या राखेवर आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. ते आयोडीन. १८२० साली जिनिव्हाच्या कॉइंदे या डॉक्टरनं ते गलगंडावर वापरलं. चिनी वैद्य तर गलगंडाला शेवाळ कितीतरी शतकं आधीपासून देत होते. समुद्रापासून दूर, पावसानं आणि बर्फानं धुतलेल्या जमिनीत आयोडीन कमी. तिथल्या धान्यातही कमी, म्हणून तिथल्या माणसांच्या गळ्याला गाठी.

इथंही कुत्रा आलाच. डेव्हिड मरीन हा तरुण डॉक्टर १९०५ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात आला, तेव्हा माणसांबरोबर तिथल्या कुत्र्यांचेही गळे सुजलेले त्यानं पाहिले. त्यानं जनावरांच्या गलगंडाचा अभ्यास केला आणि त्या धाग्यानं पुढं जात १९१७ पासून अ‍ॅक्रन गावातल्या शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो, हे दाखवून दिलं. १९२४ साली मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ दुकानात आलं. आपल्याकडं डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देण्याचा प्रयोग केला. गलगंड उतरला. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या स्वयंपाकघरात जी मिठाची पुडी असते, तिच्यामागं हा सगळा प्रवास आहे.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. आयोडीन कमी पडलं तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी बिघडते आणि जास्त झालं तरी तीच बिघडते. शेवाळाच्या जातीजातीत, किनाऱ्याकिनाऱ्यावर आयोडीनचं प्रमाण फार बदलतं. केल्पसारख्या शेवाळात तर ते इतकं असू शकतं, की आपली एक चिमूट लहान कुत्र्याला कितीतरी जास्त व्हावी. त्यातून तयार अन्नात आयोडीन आधीच घातलेलं असतं. म्हणून 'नैसर्गिक आहे, घाला थोडं' हा सल्ला ऐकायला गोड असला, तरी मोजल्याशिवाय घेऊ नये.

अलीकडं उलटी लाटही येऊन गेली. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला धान्याचा कणही नको, असं म्हणत धान्याविना केलेलं अन्न परदेशात जोरात खपू लागलं. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जाहीर केलं, की वाटाणा, मसूर, बटाटा यांवर भर असलेलं, बहुधा धान्याविना केलेलं अन्न खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयविकार आढळतो आहे आणि त्याचा तपास चालू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं, की ठोस नवी माहिती मिळाल्याशिवाय याबाबत पुढची निवेदनं काढणार नाही. नेमका कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण एक झालं. धान्य हाच सगळ्या दुखण्यांचा गुन्हेगार, हा उत्साह थोडा ओसरला.

हे सगळं वाचून मी मुलीला फोन केला. म्हणालो, ''ज्वारी चालते. चांगली मऊ शिजव, मांस-अंड्याच्या जोडीला थोडी घाल, तिच्यावरच त्याला जगवू नको. मांस नुसतं दिलंस तरी कॅल्शियम कमीच पडेल. किती, कशातून द्यायचं, ते जनावरांच्या डॉक्टरांना विचार. आणि ती समुद्राची पूड त्यांना विचारल्याशिवाय टाकू नको.'' ती म्हणाली, ''अब्बा, तुम्हाला इतकं कसं माहीत?'' मग मी तिला मोत्याची गोष्ट सांगितली. घरात ती मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

दादी लहानपणी आम्हाला दोन गोष्टी सांगायची. एका बाईनं मांजर बांधून ठेवलं. तिला स्वतः खायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या तिनं शोधून खाव्यात म्हणून सोडलंही नाही. ती बाई दोजखात गेली. दुसरा एक माणूस. तहानेनं धापा टाकणाऱ्या कुत्र्यासाठी तो विहिरीत उतरला, आपल्या पायतणात पाणी भरून वर आणलं आणि त्याला पाजलं. त्याचे गुन्हे माफ झाले. या दोन्ही हदीसमधल्या गोष्टी मी मोत्याच्या आधीच ऐकल्या होत्या. पण मी मोत्याला उपाशी ठेवलं नव्हतं, रोज पोटभर घालत होतो, म्हणून पहिली गोष्ट आपल्याला लागू नाही, असं मला वाटायचं. आता वाटतं, सोडलं नाही, हा तिचा अर्धा भाग मी नीट ऐकलाच नव्हता.

मेलनबींच्या पिल्लांना, गोल्डबर्गरांच्या आणि हैदराबादच्या कुत्र्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचे पाय वाकले, जिभा काळ्या पडल्या आणि त्यातून आपल्या लेकरांचे पाय सरळ राहिले. एवढं कळल्यानंतर आपण बांधलेल्या जनावरासमोर ताटली ठेवताना त्यात काय आहे, हे पाहणं तरी आपल्या हातात आहे.

परवा मुलीनं पिल्लाचा फोटो पाठवला. पुढचे दोन्ही पाय सरळ आहेत. मी फोटो मोठा करून पायांकडंच पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.